होडी निवडताना

मैत्रिणींनो, पातेलं घेताना आपण बूड वाजवून बघतो ना? परवा तशीच होडी पाहिली! आमच्या केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. माझ्या एका विद्यार्थिनीचे आईवडील तिथं मासे धरतात. दोन्ही होड्या अॅल्युमिनियमच्या, १४ फुटी, अगदी जुळ्या बहिणी. एकीचा पत्रा तेवढा जाड. खडकावर आपटली तरी पोचा येणार नाही, म्हणून नवऱ्याचं मन तिच्यावर. पण डोरलं गहाण पडलं होतं बायकोचं!

"बाई, उन्हाळ्यात पाणी मागं सरतं. चिखलातनं वढायची कुणी? मीच की!"

२०१६ साली धरण आटलं, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ती ते विसरलेली नाही. हलकीच ठरली. रिव्हेटीतून पाणी झिरपतं का, हे तासभर पाण्यात ठेवून पाहिलं, मगच इसार दिला.