कारणाचा रकाना

देवगाव फाटा,
ता. सेलू, जि. परभणी
मकर संक्रांत

चि. ताईस,


तुझं पत्र आलं तेव्हा मी तिळाचे लाडू वळत होते. हात चिकट, म्हणून बाबांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर मी गल्ल्यामागं बसून ते पुन्हा एकटीनं वाचलं. सांतो दोमिंगोतलं तुझं ते स्वस्तातलं हॉटेल मला इथं बसल्या जागी दिसलं. जाड भिंतींचं जुनं घर, मधोमध चौक, चौकाकडे उघडणारी एकच खिडकी, नळाला बारीक धार आणि रात्री उशिरापर्यंत कुणाच्या तरी घरातून येणारं गाणं. मैत्रिणी समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात उतरल्या आणि तू चार दिवस जुन्या गावातच राहिलीस. शेवटी लिहिलंस की, आई, तू असतीस तर अशा जागी मला एकटीला राहू दिलं नसतंस.

ते वाक्य मनात रुतून बसलं. ताई, तुला एक गोष्ट मी आजवर सांगितली नाही. फोनवर सांगण्यासारखी ती नाही, समोर सतत कुणी ना कुणी चहाला उभं असतं. म्हणून लिहिते.

बाबांचा पाय मोडला ते साल २००९. तू तिसरीत होतीस. तुला सेलूला मामीकडे ठेवलं आणि सांगितलं, आई औरंगाबादला ओळखीच्यांच्या घरी उतरली आहे. आजीला, शेजारपाजारच्यांना, सगळ्यांना तेच सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. मी एकोणीस रात्री गुलमंडीजवळच्या एका लॉजवर राहिले, एकटी. बाबा घाटीच्या दवाखान्यात होते. पुरुषांच्या वॉर्डात रात्री सोबतीला तुझा काका थांबायचा, दिवसा मी. ओळखीचं घर त्या शहरात आपलं एकही नव्हतं.

खोटं का बोलले, ते तुला कळेल. आपल्या फाट्यावर हॉटेल म्हणजे चहा, भजी, फार तर मिसळ. झोपायची जागा ती लॉज, आणि एकट्या बाईचं नाव लॉजच्या जोडीनं आलं की माणसं आवाज खाली आणतात. (आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. मी तेव्हाचं सांगते आहे, म्हणून तेव्हाचंच नाव लिहिते.)

पहिल्या दिवशी संध्याकाळी काकाला वॉर्डात सोडून मी जागा शोधायला निघाले. एका लॉजवर काउंटरवरच्या पोरानं माझ्या मागं पाहिलं, मागं कुणी नाही म्हटल्यावर म्हणाला, रूम नाही. भिंतीवर चाव्या लोंबत होत्या. दुसरीकडे स्पष्टच सांगितलं, एकट्या लेडीजला देत नाही. रस्त्यावर दिवे लागले होते. सुपारी हनुमानाच्या देवळासमोर चपला काढून मी उगीचच उभी राहिले. पिशवीत बाबांचे रक्ताचे कपडे होते, ते धुवायचे होते. त्या घटकेला मला फक्त एक नळ आणि एक दार हवं होतं.

तिसरं लॉज गल्लीत होतं. जुना वाडा, खाली कापडाचं दुकान, वर जायला अंधारा लाकडी जिना. मॅनेजर म्हणजे साठी ओलांडलेले काका, जाड भिंगाचा चष्मा. माझ्या मागं कोण आहे ते त्यांनी पाहिलं नाही. रजिस्टर फिरवून माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, ‘लिहा, बाई.’

ते रजिस्टर मला आजही दिसतं. लांबट, लाल कापडी पाठीचं. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, आणि शेवटचा रकाना, येण्याचं कारण. माझ्या वरच्या ओळी मी वाचल्या. लातूरचे दोघे, कारण: हायकोर्ट तारीख. हिंगोलीचा एक मुलगा, कारण: परीक्षा. मंठ्याचं कुटुंब, कारण: बस्ता. बीडची एक म्हातारी आणि तिचा नातू, कारण: डोळे. एवढंच, डोळे. एका पानावर अख्खा मराठवाडा बसला होता. १९८१ साली खंडपीठ आलं, त्याआधी १९५८ला विद्यापीठ, त्याच्याही आधी घाटीचं मेडिकल कॉलेज, आणि तेव्हापासून आपल्याकडचा माणूस आयुष्यात कधी तरी एकदा या शहरात रात्रीपुरता येतोच. वेरूळ-अजिंठा बघायला आलेले त्या पानावर एकाच ओळीत होते. मी लिहिलं, कारण: दवाखाना. काकांनी चावी दिली आणि वर काम करणाऱ्या पोराला हाक मारून सांगितलं, ‘ताईंना सात नंबर दाखव. पाण्याची बादली भरून ठेव.’

सात नंबर म्हणजे आठ बाय दहाची खोली. लोखंडी पलंग, काथ्याची गादी, गुलाबी चुना लावलेल्या भिंती, भिंतीत दोन कोनाडे. एकात मी कुंकवाची डबी ठेवली, दुसऱ्यात बाबांच्या गोळ्या. दाराला आतून कडी होती, पण कोयंडा हलत होता, बोटानं ओढला तर बाहेर येईल असा. मी तशीच खाली गेले आणि सांगितलं. काकांनी गल्लीतल्या सुताराला त्याच्या घरून बोलावून आणलं. त्यानं जुने खिळे काढले, भोकांत लाकडाच्या ढलप्या ठोकल्या आणि चार नवे स्क्रू बसवले. पितळी होते, दिव्यात चमकत होते. एकोणीस रात्री झोपण्याआधी मी त्या चारी स्क्रूंवरून बोट फिरवलं आहे. देवाला हात जोडतात तसं ते झालं होतं.

पहाटे पाचला हौदावर पाणी मिळायचं, माणशी दोन बादल्या. कपडे धुऊन, दोरीवर टाकून मी सहाला चालत निघायची. गुलमंडीवरून सिटी चौक, पुढं टाऊन हॉल, मग भडकल गेट आणि घाटी. दुकानं बंद असायची. दिवसा त्या रस्त्यावर पाट्या, गाड्या आणि माणसं एवढीच दिसतात. पहाटे दुकानांच्या वर पाहिलं तर लाकडी सज्जे, कमानी, कुणा जुन्या घराची महिरप दिसायची. झाडू मारणाऱ्या बायका, पावाच्या भट्टीचा वास, मशिदीतली अजान आणि पाठोपाठ देवळातली घंटा. ताई, ते शहर मी त्या तासाभरात पाहिलं. आपल्या फाट्यावरून माणसं सकाळच्या गाडीनं जातात, काम उरकतात, संध्याकाळच्या गाडीनं परततात आणि म्हणतात, काय आहे तिथं, नुसती गर्दी. जुन्या गावात रात्र काढल्याशिवाय ते गाव कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. तू तटाच्या आत राहिलीस ते म्हणूनच मला आवडलं.

भडकल दरवाजाशी मी रोज दोन मिनिटं थांबायची. शेजारी बाबासाहेबांचा पुतळा आहे. नूतन महाविद्यालयात मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, तेव्हा ‘खडकी कोणी वसवली’ हा दोन मार्कांचा प्रश्न होता; खडकी म्हणजे हेच शहर. उत्तर पाठ होतं: मलिक अंबर, १६१०. पण त्या दगडांना हात लावीपर्यंत मला तो माणूस दिसला नव्हता. आफ्रिकेतल्या हबशाणातला मुलगा. लहानपणी विकला गेला, पुन्हा विकला गेला, बगदादला एका धन्यानं शिकवलं, मग दख्खनमध्ये आला तोही विकत घेतलेला म्हणूनच. घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, तोही हबशीच. तोच मुलगा पुढं निजामशाही चालवू लागला. मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं दख्खनच्या वेशीवर झुंजवलं, जमिनीची मोजणी करून सारा बांधून दिला, आणि या माळावर शहर वसवलं. १६१२चा हा दरवाजा मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून त्यानं उभा केला. आपले वेरूळचे भोसले त्याच काळात निजामशाहीत होते. १६२६ साली तो गेला. खुलताबादला त्याची कबर आहे.

तू पत्रात सांतो दोमिंगोचा तट, किल्ला, दगडी रस्ते यांचं लिहिलंस. बायकांच्या नावाचा तो रस्ता, लास दामास, मला फार आवडला. कोलंबसाच्या सुनेच्या सोबतिणी तिथं फिरायच्या म्हणून ते नाव, हे तू सांगितलंस. पण त्याच कोलंबसाच्या मुलाच्या उसाच्या मळ्यावर १५२१च्या नाताळात गुलामांनी बंड केलं, हेही तूच लिहिलंस, आणि ते गुलाम आफ्रिकेतून आणलेले. त्यांतल्या कुणाला दरवाजा बांधता आला असता, नहर खोदता आली असती, कुणाला ठाऊक? एकाच शतकात एकाच खंडातून माणसं समुद्रापार नेली. तिकडं त्यांच्या हाती कोयता दिला. इकडं त्यांच्यातल्या एकाच्या हाती, किती का वळणांनी असेना, शहर आलं. मी तुझं पत्र वाचत होते तेव्हा समोरून साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागून एक. वरच्या उसावर ऊसतोडीचं एक लेकरू झोपलेलं. मी पत्र घडी करून ठेवलं.

घाटीपासून पाणचक्की जवळ आहे. एकदा दुपारी बाबांना झोप लागली म्हणून गेले. मलिक अंबरानं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणलं, निव्वळ उताराच्या जोरावर. पुढं त्याच धर्तीवर बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी पाणी आणून त्यावर जातं फिरवलं. पाणी उंचावरून पडतं, खालची पाती फिरतात, पात्यांबरोबर दगड. आणि पीठ कुणासाठी? तिथं उतरणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी. संताचं नावच मुसाफिर. मी हौदाच्या कठड्यावर बसून पाहत राहिले. नवऱ्याच्या पायाचं दुसरं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, डब्यात दोन भाकरी होत्या, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या शहरात मी कुणाच्या उपकारावर राहत नाही. परक्यांसाठी दळण दळायची रीत इथं आधीपासून आहे. बिबीचा मकबरा मात्र पाहायचा राहिला. एकोणीस दिवसांत तिकडं पाय वळलाच नाही, आणि त्याची मला रुखरुखही नाही.

लॉजवरच्या माणसांबद्दल किती लिहू? बीडच्या म्हातारीच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली त्या दिवशी तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला आणि म्हणाली, ‘आवाजावरून जाडी वाटली होतीस.’ हिंगोलीचा मुलगा रात्री जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करायचा, कारण खोलीत त्याचा भाऊ झोपलेला. शेवटच्या दिवशी हिशेब करताना काकांनी पहिल्या रात्रीचे पैसे धरले नाहीत. म्हणाले, ‘तेव्हा कडी नीट नव्हती.’

दोन वर्षांपूर्वी तुझ्या मामेबहिणीच्या बस्त्याला गेलो तेव्हा मी मुद्दाम त्या गल्लीत शिरले. वाडा पाडला आहे. तिथं आता काचेची इमारत आहे, खाली मोबाइलची दुकानं. शहर वाढणारच, मला त्याचा राग नाही. पण जुन्या शहरात जुनी घरं जपायची म्हणतात तेव्हा मला वाटतं, त्या घरांतल्या दीड-दोनशे रुपयांच्या खोल्याही जपायला हव्यात. नाहीतर डोळे दाखवायला आलेली म्हातारी भडकल दरवाजाखालून चालणार तरी कशी? तिला शहराबाहेर कुठं तरी फलाटावर अंग टाकावं लागेल. तुझं ते चौकाचं हॉटेल टिकावं, असं मला म्हणूनच वाटतं. तू दिलेल्या पैशानं ते थोडं तरी टिकलं असेल.

आता मुख्य सांगायचं ते. आपल्या हॉटेलामागची गोदामाची खोली दिवाळीत रिकामी केली. बाबा म्हणाले, भाड्यानं देऊ, खताच्या दुकानाला. मी नाही म्हटलं, आणि मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांना लॉजचं माहीत होतं, स्क्रूंचं नव्हतं. ते उठले आणि स्वतः जिंतूरहून कडी-कोयंडा घेऊन आले, पितळी. दोन पलंग टाकले आहेत. जिंतूर, मंठा, सेलू अशा तिन्ही वाटा इथं मिळतात, पण रात्री सेलूची गाडी चुकली की बाईमाणसानं थांबायचं कुठं? पोलीस पाटलांना सांगून रीतसर रजिस्टर केलं आहे. लाल पाठीचं मिळालं नाही, निळं आहे. रकाने मीच आखले.

परवा रात्री साडेनऊला परीक्षेहून परतणाऱ्या दोन मुली आल्या, फोनची बॅटरी गेलेली, चेहरे उतरलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. मी रजिस्टर फिरवून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांतली धाकटी कारणाच्या रकान्यापाशी थबकली, पेन तोंडात धरून विचार करत राहिली. मग तिनं लिहिलं: गाडी गेली.

तिळगूळ पार्सलनं धाडते आहे. पोचला की कळव.

तुझी,
आई