चित्रातून चालताना

बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ येते, फुलांचे वाफे येतात आणि मधोमध एखादं कारंजं. चीनमधल्या सुझोऊच्या जुन्या बागांत यातलं काहीच नाही. तिथं आहे पाणी, दगड, पांढऱ्या भिंती आणि वळणावळणाच्या वाटा. शांघायला ह्यांच्या कंपनीचं काम निघालं, तेव्हा शाळेतून रजा काढून मीही बरोबर गेले होते. शांघायहून वेगवान गाडीनं सुझोऊ जेमतेम अर्ध्या तासावर.

इथल्या नऊ बागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांतल्या चार 1997 साली आल्या, पाच 2000 साली. सर्वांत मोठ्या बागेचं नाव मोठं गमतीचं आहे. त्याचा अर्थ साधारण ‘नाकर्त्या माणसाचा कारभार’! वांग शियानचेन नावाचा अधिकारी सोळाव्या शतकाच्या आरंभी दरबारातलं राजकारण सोडून घरी परतला. आता भाजीपाला लावायचा, झाडांना पाणी घालायचं, हाच आपला कारभार, अशा भावनेनं त्यानं ही बाग उभी केली. पुढे त्याच्या मुलानं ती जुगारात घालवली म्हणतात. संसार काय नि बाग काय, एकानं जोडायचं आणि दुसऱ्यानं उडवायचं!

पण बाग हातची गेली तरी तिचं रूप राहिलं. वांगचा स्नेही वेन झेंगमिंग हा नावाजलेला चित्रकार. त्यानं 1533 साली या बागेतल्या 31 जागांची चित्रं काढली आणि प्रत्येक चित्राला एकेक कविता जोडली. आजची बाग पुष्कळ बदललेली आहे, बरंचसं बांधकाम नंतरचं आहे. मूळची बाग कशी होती, हे सांगायला ती चित्रंच पुढे येतात.

चित्र आणि बाग यांचं नातं तिथं असं सख्ख्या बहिणींचं आहे. निसर्गचित्राला चिनी भाषेत ‘शान-शुई’ म्हणतात, म्हणजे डोंगर आणि पाणी. बागेतही तेच दोन जिन्नस. डोंगराच्या जागी ताई सरोवरातले, पाण्यानं झिजून भोकं पडलेले दगड. नदी-समुद्राच्या जागी तळं. जुनी लांबलचक चित्रं गुंडाळीची असत. ती भिंतीवर टांगायची नव्हेत, तर उजवीकडून हातभर उलगडायची, बघायची, तेवढी गुंडाळायची आणि पुढची उलगडायची. बागेची वाटही अशीच उलगडते. एका भिंतीआड तळं, पुढच्या गोल दारातून बांबूचं बेट, नागमोडी पुलावर वळलं की देखावा वेगळाच. सगळं एकदम दिसतच नाही, म्हणून लहानशी जागाही संपता संपत नाही. ‘जाळीवाल्याची बाग’ तर जेमतेम अर्ध्या हेक्टरची. पण तिथं माझा तास कसा गेला कळलं नाही.

जी चेंग हा बाग रचणारा मुळात चित्रकारच. बागा कशा कराव्यात यावर त्यानं 1631 साली एक पूर्ण ग्रंथ लिहिला. पांढऱ्या भिंतीला कागद समजा आणि तिच्यापुढे दगड मांडून चित्र रंगवा, हा त्यातलाच विचार. दुसरी युक्ती म्हणजे ‘उसना देखावा’. मोठ्या बागेतल्या तळ्याकाठी उभं राहिलं की झाडांवरून एक उंच पॅगोडा दिसतो. वाटतं बागेतलाच; प्रत्यक्षात तो किलोमीटरभराहून लांब, शहरात आहे. शेजारणीकडून विरजण उसनं आणावं, तसं हे शिखरच उसनं आणलेलं!

त्या उंच भिंतींकडे बघताना मात्र एक विचार मनातून जाईना. नोकरी सोडून आलेल्या पुरुषाला ही बाग म्हणजे विसावा. पण घरातल्या बायकांचं काय? लहानपणीच पावलं बांधलेल्या, उंबऱ्याबाहेर क्वचितच पडणाऱ्या. डोंगर, नदी, वनं पाहायची ती त्यांनी याच भिंतींच्या आत, दगडांत आणि तळ्यांत. पुरुषानं आवडीनं निवडलेलं छोटं जग, तेच त्यांना नाइलाजानं मिळालेलं सगळं जग.

तरी त्यातूनही एक जण पुढे आली. वेन झेंगमिंगची खापरपणती वेन शू (1595–1634). तिनं डोंगर-पाण्याचा हव्यास धरला नाही. अंगणात दिसणारी फुलं, फुलपाखरं, किडे, दगड हेच तिचे विषय. औषधी वनस्पतींची तिनं कितीतरी चित्रं काढली. चित्रं विकून संसाराला हातभार लावला, बायका-मुलींना शिकवलंही. घर, संसार आणि शिकवणं एकाच वेळी सांभाळणाऱ्या आपल्यापैकी कितीजणींना ती ओळखीची वाटेल!

आपल्या फ्लॅटला कुठली आली बाग? पण गॅलरीची एखादी भिंत पांढरी असेल, तर सगळ्या कुंड्या तिच्यापुढे दाटीनं मांडू नका. एकच बारीक पानांची कुंडी आणि एखादा नदीतला धोंडा ठेवा. बाकी भिंत मोकळी सोडा. दुपारच्या उन्हात पानांची सावली भिंतीवर पडली की चित्र आपोआप तयार होतं, आणि रोज थोडं वेगळं असतं.