अधिकारवाणी

चमत्कार हा शब्द ऐकला कीं सुशिक्षित मंडळींच्या कपाळाला आंठ्या पडतात. एखाद्या संताचें चरित्र ही मंडळी आवडीनें वाचावयास घेतात, त्याच्या वचनांवर पेन्सिलीनें खुणा करतात, आणि भिंत चालूं लागली किंवा रेडा बोलूं लागला कीं तीं पानें जरा लाजत लाजत उलटून पुढें जातात. पाहुण्यांसमोर घरांतील एखाद्या वृद्धानें भलतेंच कांहीं बोलावें आणि यजमानानें घाईघाईनें विषय बदलावा, तसाच हा प्रकार. येशू ख्रिस्ताचें चरित्रहि आमच्यांतील बहुतेक वाचक याच रीतीनें वाचतात. डोंगरावरचें प्रवचन त्यांस आवडतें, उधळ्या मुलाचा दृष्टांत ते मुलांना सांगतात. परंतु पाण्याचा द्राक्षारस झाला, पांच भाकरींत पांच हजार लोक जेवले, वादळ एका शब्दानें शमलें, हें सारें भाविकांचें म्हणून बाजूस ठेवतात. आज या बाजूस ठेवलेल्या भागाविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत. आम्ही ख्रिस्ती नाहीं, आणि या कथा अक्षरशः घडल्या हें सिद्ध करण्याचा आमचा हेतूहि नाहीं. इंग्रजी वाङ्मय शिकवितांना हें पुस्तक पदोपदीं उघडावें लागतें, आणि त्या सहवासांत आमचें असें मत होत गेलें कीं, येशूविषयींचा सर्वांत अवघड प्रश्न त्याच्या उपदेशांत नसून या कथांतच आहे.

चमत्कार वगळून वाचणारे कांहीं लहानसहान लोक नव्हते. १८२० सालीं पृथ्वीच्या दोन टोकांस दोन थोर पुरुषांनीं स्वतंत्रपणें एकच काम केलें. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनीं आयुष्याच्या उत्तरकाळीं शुभवर्तमानांच्या ग्रीक, लॅटिन, फ्रेंच व इंग्रजी प्रती घेऊन धारदार पात्यानें त्यांतील उतारे कापले आणि कोऱ्या पानांवर चिकटवून येशूच्या जीवनाचें व नीतीचें एक पुस्तक स्वतःपुरतें सिद्ध केलें. त्यांत चमत्कारांना जवळजवळ थारा नाहीं. थडग्याच्या तोंडाशीं धोंड लोटली जाते आणि पुस्तक संपतें. त्याच वर्षीं कलकत्त्यास राममोहन रॉय यांनीं येशूच्या उपदेशाचें पुस्तक प्रसिद्ध केलें व त्यांतूनहि चमत्कार गाळले. श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांनीं त्यावर कडक टीका केली आणि तो वाद पुढें कांहीं वर्षें चालला. दोघांचीं कारणें मात्र निराळीं होतीं. जेफर्सन यांच्या बुद्धीस चमत्कार पटत नव्हते. राममोहन यांचें म्हणणें अधिक व्यवहारी होतें. याहून कितीतरी अद्भुत कथा या देशांतील लोकांना पाठ आहेत. तेव्हां अशा गोष्टी सांगून त्यांच्यावर कसला परिणाम होणार? मौजेची गोष्ट अशी कीं, त्याच्या दोन शतकें आधीं, १६१६ सालीं, गोव्यांत राचोल येथें छापलेल्या आपल्या मराठी ख्रिस्तपुराणांत फादर स्टीफन्स यांनीं हेच चमत्कार ओव्यांत विस्तारानें सांगितले होते. त्यांना पुराण ऐकणाऱ्या श्रोत्यांचें भय वाटलें नाहीं.

राममोहन यांचा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. चमत्कार म्हणजे केवळ शक्तीचें प्रदर्शन असेल तर तेथें मोठेपणाची चढाओढ सुरू होते, आणि त्या चढाओढींत गालीलचा तो समुद्र टिकणार नाहीं. आमच्या अगस्तीनें सबंध सागर आचमनांत संपविला. गालीलचा समुद्र म्हणजे सुमारें २१ किलोमीटर लांबीचें व १३ किलोमीटर रुंदीचें गोड्या पाण्याचें सरोवर. तें शांत झालें यांत पुराणांच्या वाचकाला विशेष तें काय? परंतु पैठणच्या रेड्याची कथा तरी मराठी माणूस शक्ति दाखविण्यासाठीं म्हणून कोठें सांगतो? एकच आत्मा सर्व भूतांत आहे, हें ज्यांस पटत नव्हतें त्यांस तें त्या कथेंत डोळ्यांपुढें दिसलें, हा तिचा अर्थ. योहानानें आपल्या शुभवर्तमानांत येशूच्या अशा कृत्यांना ‘चिन्हें’ म्हटलें आहे. इतर तिघे बहुधा ‘महत्कृत्यें’ असा शब्द योजतात. नुसतें ‘अद्भुत’ असें ते क्वचितच म्हणतात. चिन्हाला हें विचारावयाचें नसतें कीं तें केवढें आहे. तें कशाकडे बोट दाखवितें, हें पाहावयाचें असतें.

मार्कानें सांगितलेली वादळाची कथा घेऊं. संध्याकाळीं नाव निघते. येशू दिवसभर बोलून थकलेला, मागल्या बाजूस उशाला कांहीं घेऊन झोंपलेला आहे. हें सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारें २१० मीटर खालीं आहे; भोंवतालच्या उंचवट्यांवरून वारा एकाएकीं खालीं कोसळतो आणि पाणी खवळतें. १९८६ सालीं अवर्षणामुळें पाणी ओसरलें तेव्हां गिनोसरजवळच्या चिखलांत त्या काळाच्या सुमाराची एक नाव सांपडली. ती लांबीला आठ मीटरांहून थोडी अधिक आणि रुंदीला सुमारें सव्वादोन मीटर आहे. अशा नावेंत दहापंधरा माणसें असतांना लाटा आंत येऊं लागल्या म्हणजे काय होत असेल याची कल्पना करावी. शिवाय शिष्यांपैकीं चौघे तरी या पाण्यावर वाढलेले कोळी होते. त्यांची भीति अडाण्याची नव्हे, जाणत्याची होती.

ते त्याला उठवितात. तो वाऱ्याला दटावतो आणि पाण्याला गप्प राहण्यास सांगतो. येथें मार्कानें जो ग्रीक शब्द घातला आहे त्याचा मूळ अर्थ मुसकें बांधणें असा आहे. मळणीच्या वेळीं बैलानें धान्यांत तोंड घालूं नये म्हणून त्याला जें मुसकें बांधतात तेंच; मळणाऱ्या बैलाला तें बांधूं नये असा मोशेच्या नियमशास्त्रांत निर्बंध आहे, आणि त्याच्या ग्रीक भाषांतरांतहि हाच शब्द आहे. कफर्णहूमच्या सभास्थानांत एका झपाटलेल्या माणसांतील भुतालाहि येशूनें याच क्रियापदानें गप्प केलें होतें. वादळ हें या कथेंत जणूं एक हिंस्र जनावर आहे, आणि मालकानें घरच्या जनावराला दटावावें इतक्या सहजतेनें तें दटावलें जातें. मोशेनें समुद्रावर काठी उगारली ती देवाच्या आज्ञेनें. एलीयानें पावसासाठीं गुडघ्यांत डोकें घालून वाट पाहिली. येथें ना काठी, ना मंत्र, ना प्रार्थना. नुसती आज्ञा.

या आज्ञेचें मर्म एका परक्या सैनिकानें ओळखलें होतें, असें मत्तय व लूक सांगतात. आजारी चाकरासाठीं आलेल्या रोमी शताधिपतीचें म्हणणें साधें होतें: मी स्वतः वरिष्ठांच्या हुकमांत आहें आणि माझ्या हाताखालीं शिपाई आहेत, हुकूम म्हणजे काय हें मला कळतें, तेव्हां आपण घरापर्यंत येण्याची तसदी घेऊं नये, नुसता शब्द टाकावा. शक्ति आणि अधिकार यांतील भेद याहून स्वच्छ कोणी सांगितला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. शक्तिमान् मनुष्य झुंजतो, अधिकारी पुरुष सांगतो. यहुदी लोकांच्या उत्पत्तीच्या ग्रंथांत देव सृष्टि घडवितो तीहि झुंजून नव्हे, बोलून. आणि समुद्राला दारें लावून कोंडणारा, वादळाला निजविणारा तो एकटा देवच, हें ईयोबाच्या ग्रंथांत व स्तोत्रांत त्या कोळ्यांनीं लहानपणापासून ऐकलेलें. म्हणूनच वादळ शमल्यावर त्यांची भीति कमी होत नाहीं, उलट वाढते. वारा आणि समुद्र ज्याचें ऐकतात तो हा आहे तरी कोण, असें ते एकमेकांस विचारतात. उत्तर ठाऊक नाहीं म्हणून ते भ्यालेले नाहींत. उत्तर ठाऊक आहे आणि तें शेजारीं बसलेलें आहे, म्हणून भ्यालेले आहेत.

यावर चिकित्सक वाचक म्हणेल, हें सर्व ठीक. पण घडलें काय? ह्यूमनें १७४८ सालीं असा मुद्दा मांडला कीं, सृष्टीचा नियम मोडला असण्यापेक्षां सांगणारा फसला असण्याचा संभव नेहमींच अधिक. तो मुद्दा खोडून काढणें सोपें नाहीं, आणि आम्ही त्या भरीस पडत नाहीं. पुढें जर्मनींतील पाउलुस नांवाच्या पंडितानें तडजोड काढली: येशू पाण्यावरून चालला नाहीं, कांठाकांठानें चालला, आणि पहांटेच्या अंधुक उजेडांत शिष्यांना भास झाला. असल्या खुलाशांनीं प्रसंग वांचतो आणि अर्थ बुडतो. त्यापेक्षां ऑगस्टिन या प्राचीन आचार्याचा विचार आम्हांस अधिक खोल वाटतो. त्याचा आशय असा कीं, पावसाचें पाणी दरवर्षीं द्राक्षवेलींत शिरून रस होतें याचें कोणाला नवल वाटत नाहीं. कानाच्या लग्नांत तेंच घडलें, फक्त लवकर. म्हणजे येथें सृष्टीच्या घरांत चोर शिरलेला नाहीं. घरधनी आलेला आहे.

परंतु आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट याहून निराळी आहे. ही सत्ता वापरली किती थोडी जाते! कानाच्या लग्नांत, ऐन पंगतींत वाढप संपावें तशी यजमानाची अब्रू जाण्याची वेळ आली. सहा दगडी रांजणांत मिळून पांचशें ते सातशें लिटर द्राक्षारस झाला. आणि तो कोठून आला हें भोजनाच्या कारभाऱ्यालाहि कळलें नाहीं, पाणी भरणाऱ्या चाकरांना तेवढें कळलें. पांच हजार लोक जेवल्यावर उरलेले तुकडे वायां जाऊं नयेत म्हणून बारा टोपल्या भरून गोळा केले गेले. लोक आपल्याला बळेंच राजा करणार हें दिसतांच तो एकटा डोंगरांत निघून गेला. चाळीस दिवसांच्या उपासानंतर दगडांच्या भाकरी करून स्वतःची भूक भागविण्यास त्यानें नकार दिला. हेरोदाला कांहीं चमत्कार पाहावयाचा होता. त्याच्यापुढें तो एक शब्दहि बोलला नाहीं. आणि शेवटीं क्रूसावर, दुसऱ्यांना वांचविणाऱ्याला स्वतःला वांचवितां येत नाहीं, असे लोकांनीं टोमणे मारले, तेव्हां खिळे जेथल्या तेथें राहिले. समुद्राला दटावणारा पुरुष येथें चार शिपायांना दटावीत नाहीं.

या ठिकाणीं एक आठवण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्याबरोबर गणित शिकविणारे एक ख्रिस्ती गृहस्थ होते. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा मेंदूज्वरानें बारा दिवसांत गेला. त्या बारा दिवसांत त्यांच्या घरीं रात्रंदिवस प्रार्थना चालल्या होत्या. पुढें महिन्याभरानें देवळांत शास्त्रवाचनाची पाळी त्यांच्यावर आली, आणि नेमलेला पाठ नेमका हा वादळाचा निघाला. त्यांनीं तो शेवटपर्यंत वाचला. कांहीं दिवसांनीं, तासाच्या मधल्या सुटींत, आम्हीं त्यांना भीतभीतच विचारलें कीं, तें वाचणें कसें झालें. ते म्हणाले, “अहो, मी शांत झालेल्या समुद्रापर्यंत पोंचलोंच नाहीं. शिष्यांनीं त्याला झोंपेंतून उठवून तोंडावर बोल लावला ना, आमची त्याला पर्वा नाहीं म्हणून, तेथेंच थांबलों. मत्तयानें तो बोल सौम्य केला आहे. मार्कानें केलेला नाहीं. इतक्या शतकांत कोणी तो खोडला नाहीं. सध्यां तेवढ्यावर माझें चाललें आहे.”

त्या उत्तरावर आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. जेफर्सन यांच्या कापीव पुस्तकांतील येशूला असा बोल लावतां आला नसता. तो सत्पुरुष आहे, त्याचीं वचनें सुंदर आहेत. पण वाऱ्यापावसावर, तापावर, मरणावर त्याचा कांहीं अधिकारच नसेल, तर त्याला जाब विचारणार कोण? भांडावयाचें तें समर्थाशीं. नामदेव आणि जनाबाई विठोबाशीं भांडतात, त्याला नाहीं नाहीं तें बोलतात, तें तो केवळ चांगला आहे म्हणून नव्हे. सारें त्याच्या हातीं आहे अशी त्यांची खात्री आहे म्हणून. चमत्कार गाळले म्हणजे बुद्धीची अडचण दूर होते हें खरें. पण त्याबरोबर दुःखी माणसाची तक्रार करण्याची जागाहि जाते. आणि चमत्कार ठेवले म्हणजे बुद्धीच्या अडचणीहून मोठी अडचण उभी राहते: सत्ता आहे, तर ती त्या रात्रीं चालली आणि या रात्रीं कां नाहीं? शुभवर्तमानकार हा प्रश्न सोडवीत नाहींत. ते एवढेंच दाखवितात कीं, ज्याच्यापाशीं ती सत्ता होती त्यानें ती स्वतःसाठींहि चालविली नाहीं. वादळांत तो त्याच नावेंत होता.

हें उत्तर पुरेसें आहे काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आमचे ते स्नेही आतां निवृत्त झाले आहेत, देवळांत अजून जातात, आणि या विषयावर पुन्हां बोलले नाहींत. मार्कहि फार थांबत नाहीं. शिष्यांचा प्रश्न तसाच ठेवून तो नाव पलीकडच्या तीराला लावतो. तों थडग्यांमधून एक वेडा मनुष्य ओरडत धांवत येतो, आणि कथा पुढें चालूं लागते.