समुद्र कोठला पाहावा?

उन्हाळ्याची सुटी लागली की सुशिक्षित कुटुंबांत दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. एक आंब्याच्या पेट्यांची आणि दुसरी प्रवासाची. पहिलीचा निकाल लवकर लागतो. दुसरी मात्र एकत्र कुटुंबात पुष्कळदा जून उजाडेपर्यंत चालते आणि मग पावसाबरोबर आपोआप विरून जाते. यंदा आमच्या घरी ती विरू द्यावयाची नाही असे ठरले. हा निर्णय ज्या विचाराने झाला तो वाचकांपुढे ठेवला तर पुष्कळांना उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव धावडा. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आश्रयाने ते वसले आहे. येथून समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. आमच्या तालुक्यात पडलेला पाऊस केळणेतून पूर्णेला, पूर्णेतून गोदावरीला आणि तेथून थेट पूर्वसमुद्राला जाऊन मिळतो. म्हणजे आमचे पाणीसुद्धा पश्चिम समुद्राकडे पाठ फिरवून वाहते! १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्या अफाट राज्याला समुद्राचा किनारा वीतभरही नव्हता. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस प्रवास म्हणजे पैठण, पंढरपूर आणि साधल्यास काशी. समुद्र ही पुराणात वाचावयाची वस्तू.

तरी आमच्या भूमीचा समुद्राशी संबंधच नव्हता असे मात्र कोणी समजू नये. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सातवाहनांच्या काळी पैठणहून उज्जयिनीकडे आणि भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गांवर ते भरभराटीस आले होते. तेथील उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे साम्य इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी इतके आहे की, ती पाँपेईची मूर्तीही मूळची याच बाजूची असावी असे काही विद्वानांनी मानले. ते नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा आमच्या शेजारच्या कारागिराची मूर्ती दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेली असेल, तर आम्ही निदान किनाऱ्यापर्यंत जाण्यास हरकत नसावी.

हरकत होती ती निराळीच. आमचे कुटुंब अकरा माणसांचे. आई, आम्ही उभयता, धाकटे बंधू व त्यांची पत्नी, एक विधवा आत्या आणि पाच मुले. या घरात एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवती आल्या. या एकोणीस वर्षांत त्या माहेरी गेल्या, लग्नकार्यांना गेल्या, आईंना घेऊन तुळजापूरलाही जाऊन आल्या. परंतु आम्ही दोघेच असे कोठे गेलो नाही. कोणी मनाई केली नव्हती, पण कोणी सुचविलेही नव्हते. शिवाय मे महिना हा आमच्याकडे पाण्याच्या ओढीचा महिना. नळाला आठवड्यातून कधी पाणी येईल याचा नेम नाही आणि टँकर येतो तो अवेळी. टाकी, रांजण, हंडे यांत किती पाणी शिल्लक आहे, धुण्याला किती द्यावयाचे, झाडांना कोणते घालावयाचे हा सगळा हिशेब सौभाग्यवतींच्या हाती. घर ज्या दिवसांत तिच्यावाचून अडते त्याच दिवसांत तिने समुद्र पाहावयास जावे, हा विचार प्रथम आम्हांलाच अवघड वाटला. तिला तर तो बोलून दाखविणेही अवघड झाले असावे.

या अडचणीतून वाट काढली ती आईंनी. त्या म्हणाल्या, "दोघांनी जाऊन या. यंदा तुम्ही, पुढल्या वर्षी धाकटी दोघं. पाण्याचं आम्ही बघू. घरात दहा-दहा हात आहेत." धाकट्या सूनबाईंनी पाण्याची वही त्याच रात्री वहिनींकडून समजून घेतली. मग प्रश्न उरला तो एवढाच की, जावयाचे कोठे?

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा लाभला आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत त्यावर गावांची माळ आहे आणि प्रत्येक गावाचे कोणी ना कोणी भक्त भेटतात. आम्ही चार कसोट्या ठरविल्या. वाट सोसवेल अशी असावी, गर्दी नसावी, ज्यांना पोहता येत नाही अशांनाही समुद्राचा आनंद निर्धास्तपणे घेता यावा, आणि शाकाहारी माणसांची जेवणाची सोय घरगुती असावी.

अलिबाग सर्वांत सोयीचे. मुंबईच्या धक्क्यावरून मांडव्यास लाँचने जावे आणि तेथून मोटारीने अलिबागेस. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. आणि मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ साली जेथे चुंबकीय वेधशाळा हलविली गेली ते ठिकाणही हेच. जिज्ञासू माणसाने एकदा जावेच. पण मुंबईला जे गाव इतके जवळ, तेथे मे महिन्याच्या शनिवार-रविवारी सारी मुंबईच येऊन बसते. आम्हांला एकोणीस वर्षांनी मिळालेला निवांतपणा तेथे सापडेल असे वाटेना.

मुरूड-जंजिरा पाहण्याजोगा, यात शंका नाही. सिद्द्यांचा तो पाणकोट अखेरपर्यंत कोणाच्या हाती लागला नाही. मात्र २०१६ च्या फेब्रुवारीत सहलीस आलेले पुण्याचे अनेक महाविद्यालयीन विद्यार्थी तेथल्या समुद्रात बुडाले, ही गोष्ट आम्ही विसरू शकलो नाही. दोष त्या गावाचा नव्हे. आम्ही पठारावरची माणसे. नदीचा पूर आम्हांला ओळखता येतो, कारण तो गढूळ होऊन गर्जत येतो. समुद्र मात्र हसतमुखाने पायाखालची वाळू काढून नेतो. गणपतीपुळ्यासही हीच गोष्ट. देवदर्शन उत्तम, पण पुळण उतरती, आणि तेथे बुडण्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत. देवदर्शन घेऊन काठावरूनच परतावयाचे असेल तर तेथे अवश्य जावे.

मालवणचे आकर्षण मोठे. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. चोहोंकडे खारे पाणी असता किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पाण्याची वही सांभाळणाऱ्या बाईला याहून मोठे नवल दुसरे काय दाखवावे? परंतु आमच्याकडून अंतर फार, आणि सुटी मोजून सहा दिवसांची. मालवण आम्ही धाकट्या जोडप्यासाठी राखून ठेवले आहे.

शेवटी दोन नावे उरली. एक दापोली तालुक्यातील मुरूड आणि दुसरे गुहागर. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. याच गावातून सतरा-अठरा वर्षांचा तो मुलगा परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यास पायी गेला आणि वय लहान दिसते म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. पुढे त्याच पुरुषाने १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. जवळच हर्णैचे बंदर, सुवर्णदुर्ग आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. सौभाग्यवतींचा कल बराच वेळ इकडेच होता.

गुहागर जिंकले ते त्याच्या ठेवणीने. गाव समुद्राला समांतर असे लांबच लांब पसरले आहे. वरचा पाट, खालचा पाट अशी त्याच्या वस्तीची नावे. एक रस्ता, त्याच्या दोहों अंगांस घरे, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाड्या संपल्या की सुरूची झाडे व कित्येक किलोमीटरांची सरळ पुळण. किनारा लांब असल्यामुळे माणसे पांगतात. व्याडेश्वर हे अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत. त्यामुळे कुलदर्शनास येणाऱ्यांसाठी घरगुती खाणावळीची परंपरा येथे मुरलेली आहे. आमसुलाचे सार, फणसाची भाजी, घावन आणि केळीच्या पानावरचा भात मिळाला की आम्हांला आणखी काही नको. वेळणेश्वर आणि हेदवी जवळ. शिवाय वाशिष्ठीच्या खाडीवर धोपावे ते दाभोळ अशी फेरीबोट चालते. तीत बसून पलीकडे दापोली तालुक्यात उतरता येते. म्हणजे एक दिवस मोडून महर्षींचे मुरूडही पाहता येईल. या शेवटच्या मुद्द्यावर घरात एकमत झाले.

आता वाट. धावड्याहून भोकरदनमार्गे जालना एस.टी.ने, जालन्याहून रेल्वेने ठाणे, तेथून कोकण रेल्वेने चिपळूण, आणि चिपळूणहून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर, पुन्हा एस.टी.ने. मुंबईकडे जाणारी वंदे भारत गाडी डिसेंबर २०२३ पासून जालन्याला मिळू लागल्याने पहिला टप्पा फार सोपा झाला आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली नसती तर हा बेत सहा दिवसांत बसताच ना. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते आणि मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, हे ध्यानात ठेवावे.

तारीख ठरविताना आम्ही पंचांग पुढे घेतले. मुहूर्तासाठी नव्हे, भरतीसाठी. कोकणातील लोकांचा एक जुना आडाखा आहे. तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अष्टमीस आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेस सव्वाअकराला भरती आणि साडेपाचच्या सुमारास ओहोटी. यात अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ छापील तक्त्यात पाहावी किंवा स्थानिक माणसास विचारावी. पण दिवस निवडण्यास आडाखा पुरेसा आहे. आम्ही वैशाखी पौर्णिमा निवडली. हेदवीस बामणघळ नावाची खडकातील एक चीर आहे; भरतीचे पाणी तीत शिरून उंच उसळते. ती दुपारी पाहावी. संध्याकाळी ओहोटीने पुळण रुंद झालेली असेल, ऊन उतरलेले असेल, आणि समुद्रात सूर्य बुडत असता पाठीमागे माडांवर चंद्र उगवेल. पौर्णिमा-अमावास्येस भरती-ओहोटीचा जोर अधिक असतो, हे आम्ही जाणून आहो. म्हणून घोट्यापलीकडे पाण्यात जावयाचे नाही असा नियम निघण्यापूर्वीच केला आहे.

मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मात्र थांबू नये. पाऊस कोकणात सामान्यतः जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण २०२५ साली तो २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला होता. समुद्र त्याआधीच खवळू लागतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत तर यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते. जेथे कोळी होडी घालीत नाही तेथे पाहुण्याने पाय घालू नये.

एक गोष्ट प्रवासाच्या पुस्तकांत सहसा लिहिलेली नसते, ती सांगितली पाहिजे. आमच्या जिल्ह्यात वर्षास सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणात तीन हजारांच्या घरात. तरीही एप्रिल-मे महिन्यांत कोकणच्या कित्येक वाड्यांतील विहिरी तळ गाठतात आणि तेथेही टँकर धावतात. जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही. उतारावरून ते समुद्राला जाऊन मिळते. हे कळल्यावर सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिथंही कुणीतरी बाई आपली वही सांभाळून बसली असेल. तिच्या बादलीतलं पाणी आपण जपूनच वापरायचं." उतरावयाच्या घरी त्यांनी पत्रातून पहिला प्रश्न विचारला तो खोलीच्या भाड्याचा नव्हे, तर विहिरीचा. उलट उत्तर आले की, पाणी आहे, पण दिवसास प्रत्येकी दोन बादल्यांचा नेम आहे. तेव्हाच त्यांनी ते घर पसंत केले. पाण्याचा नेम करणारे घर स्वयंपाकातही नेमाचे असणार, हा त्यांचा कयास आहे आणि तो आम्हांस पटतो.

सामान थोडे घ्यावे. सुती कपडे, छत्री, डोक्यास रुमाल, वाळूत चालण्यास साध्या चपला आणि दम्याची अगर रक्तदाबाची नेहमीची औषधे. आमच्याकडील ऊन कोरडे, तिकडचे दमट. पारा तेथे आमच्याहून पुष्कळ खाली असूनही घाम अधिक येतो, याची मनाची तयारी असावी. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नये. मुलांना नेले नाही याबद्दल त्यांच्यासाठी शंखशिंपले आणण्याचे वचन देण्याची रीत आहे. आम्ही त्याऐवजी भरती-ओहोटीच्या वेळांची सहा दिवसांची नोंद आणावयाचे कबूल केले आहे, कारण आडाखा खरा की खोटा यावर पाचही जणांच्या पैजा लागल्या आहेत.

खर्चाचा भार घराच्या समाईक पेटीवर टाकलेला नाही. दर महिन्यास थोडी रक्कम एका डब्यात टाकली जाते. ती यंदा आमच्या पाळीस, पुढल्या वर्षी धाकट्यांच्या पाळीस. तिसऱ्या वर्षी आई आणि आत्या यांची पाळी असून त्यांनी अद्याप गाव सांगितलेले नाही. आत्यांनी एवढेच विचारून ठेवले आहे की, मालवणच्या किल्ल्यात पायऱ्या किती आहेत.

एकत्र कुटुंबात सर्वांनी मिळून जाण्याचा आनंद आहेच आणि तो कोणी सोडावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या दोन माणसांवर घराचा भार असतो त्यांना वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलावयास मिळते ते केवळ किराण्याच्या यादीपुरते. सहा दिवस त्यांना वाळूवर बसू दिल्याने घर मोडत नाही. उलट आपल्यावाचून ते चालते हे कळून परतलेली माणसे थोडी हलकी होऊन येतात. तेव्हा वाचकहो, यंदाच्या सुटीत समुद्र कोठला पाहावा याचा वाद सुरू करण्यापूर्वी पाळी कोणाची आहे हे आधी ठरवावे. गावे पुष्कळ आहेत.