आज गड नाही

जून संपता संपता माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या नंबरांवरून येऊ लागतो. "ताई, रविवारी हरिहर नक्की ना?" कळसूबाईबद्दल असं कुणी विचारत नाही, अंजनेरीबद्दल तर नाहीच. हरिहरला मात्र 'नक्की' लागतं, कारण हरिहरच्या पायऱ्या सगळ्यांनी आधीच पाहिलेल्या असतात. फोनमध्ये, उभ्या रीलमध्ये, खालून वर. तिथे स्वतःचा पाय कधी पडतोय एवढंच बाकी असतं.

मी नाशिकची. गेली सात वर्षं पावसाळ्यात एका दिवसाच्या ट्रेकला लोकांना घेऊन जाते. पहाटे साडेपाचला मुंबई नाक्याहून बस, त्र्यंबकच्या पुढे निरगुडपाडा, पोहे, चढाई, उतराई, पिठलं-भाकरी, संध्याकाळी घरी. माणशी अकराशे रुपये. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की महिन्याभराने हे वेड उतरेल. ते उतरलं नाही, त्याचा धंदा झाला. आणि धंदा झाला की डोंगराकडे बघायची नजर बदलते, हे आधीच सांगून ठेवते.

हरिहर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. त्रिकोणी कातळाचा हा किल्ला गोंडा घाटाच्या वाटेवर नजर ठेवायला बांधला. शेवटच्या टप्प्यात सरळ कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, पहिल्याच रांगेत शंभरावर. चढ इतका उभा की चढताना समोरच्या पायरीला हात टेकतोच, आणि म्हणून पायऱ्यांच्या दोन्ही कडांना बोटं अडकवायला खोबण्या केलेल्या आहेत. 1818 मध्ये इंग्रजांचा कॅप्टन ब्रिग्ज इथे आला. आसपासच्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, हरिहरच्या पायऱ्या मात्र राहिल्या. ब्रिग्ज त्या बघून थक्क झाला होता म्हणतात. मलाही ते पटतं, कारण त्या बघून थक्क न झालेला माणूस मी अजून बसमधून उतरताना पाहिलेला नाही.

पण त्या पायऱ्या कशासाठी होत्या ते विसरू नका. वर येणाऱ्याला एकेकटं यावं लागावं, हात गुंतलेले असावेत आणि मागे वळणं कठीण व्हावं. शत्रूसाठी केलेली ही सोय आता रविवारी आमच्यावरच उलटते. चढायचं आणि उतरायचं त्याच पायऱ्यांवरून, त्याच रुंदीत. मध्ये एकाचे पाय लटपटले की वरचे वर आणि खालचे खाली अडकतात. गर्दीचे व्हिडिओ फिरल्यावर वन विभागाला निर्बंध आणावे लागले. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, बचावाची तयारी, सगळं त्यात आहे. मी नोंदणी केली आहे, दोर आणि प्रथमोपचाराची पेटीही नेते. मात्र पायऱ्यांखाली उभं राहून आज जायचं की नाही हे ठरवायची वेळ येते तेव्हा कागद बॅगेतच असतो.

तशी वेळ गेल्या वर्षी जुलैत आली. चौतीस जणांची बॅच होती. निरगुडपाड्याहून निघालो तेव्हा भुरभुर पाऊस होता, पठारावर आलो तेव्हा धुकं, आणि पायऱ्यांशी पोचलो तेव्हा पायऱ्यांवरून पाणी येत होतं. झिरपणारं नव्हे, पायरीपायरीवरून उड्या मारत येणारं. वरून एक मोठा गट उतरत होता, खाली दोन गट चढायला थांबले होते. आमच्याबरोबर पाड्यावरचे काका होते. वर्षानुवर्षं तेच येतात. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पायात रबरी चप्पल. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग पश्चिमेकडे पाहिलं, जिकडे मला पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. म्हणाले, "आज नको ताई. अजून पानी येतंय."

मी बॅचला सांगितलं, आज गड नाही. पायऱ्यांपर्यंत आलो, इथून परत.

पुढची वीस मिनिटं मी कितीतरी वेळा मनात पुन्हा जगले आहे. कुणी आरडाओरडा केला नाही, नाशिककर तसे सभ्य. एकाने विचारलं, "बाकीचे जातायत की." एक मुलगी पुण्याहून फक्त यासाठी आली होती. ती काही बोलली नाही, फक्त पायऱ्यांकडे बघत राहिली, आणि त्या बघण्याचं मला सगळ्यात जास्त लागलं. एक जण म्हणाला की मग पैसे परत. आम्ही उतरलो. पावसात चौतीस माणसांची गप्प रांग फार लांब वाटते.

त्या दिवशी हरिहरवर काहीही झालं नाही. थांबलेले दोन्ही गट वर गेले, फोटो काढले, सुखरूप उतरले. संध्याकाळी त्यांचे रील आले आणि आमच्या ग्रुपवर कुणीतरी ते पाठवले, खाली एकही शब्द न लिहिता.

मग मी बरोबर होते की नव्हते? या कामात त्याचं उत्तर मिळतच नाही. वर नेलं आणि काही झालं तर चूक सिद्ध होते. परत फिरवलं तर काहीच सिद्ध होत नाही. न झालेल्या अपघाताचा फोटो निघत नाही.

याच्या दोन वर्षं आधी, फेब्रुवारीत, मी गुलमर्गला गेले होते. स्कीइंगचा कोर्स करायला, अर्धी हौस म्हणून आणि अर्धी तिथले लोक डोंगराचा धंदा कसा करतात ते बघायला. शिकाऊ उतारावर शंभरदा पडून झाल्यावर कोर्समधल्या दोन चांगल्या स्कीअर मुलींनी एका दिवसासाठी गाइड घेतला, बॅककंट्रीसाठी. म्हणजे राखलेल्या, गस्त असलेल्या उतारांच्या बाहेरचा डोंगर. तिथे बर्फ कुणी दाबून ठेवत नाही, धोक्याच्या पाट्या कुणी लावत नाही. मला तेवढं स्कीइंग येत नव्हतं. गाइडच्या परवानगीने मी बर्फात चालायचे बूट घालून, जिथपर्यंत सोपं होतं तिथपर्यंत गेले.

निघण्याआधी गाइडने प्रत्येकीच्या छातीवर एक यंत्र बांधलं. ट्रान्सीव्हर. हिमस्खलनात माणूस गाडला गेला तर त्याचा सिग्नल दुसऱ्याच्या यंत्रावर येतो. मग घडीची लांब काठी बर्फात खुपसून तो नेमका कुठे आहे ते शोधायचं, आणि फावड्याने खणायचं. पंधराएक मिनिटांत बाहेर काढलं तर वाचायची आशा चांगली, पुढे ती झपाट्याने कमी होते. म्हणजे वाचवायला बाहेरून कुणी येणार नाही, आपणच एकमेकींना खणायचं. हे त्याने आम्हाला पार्किंगमध्ये शिकवलं. यंत्र बर्फात पुरून आम्हाला शोधायला लावलं. पहिल्यांदा आम्हाला अकरा मिनिटं लागली. तो काही बोलला नाही, फक्त घड्याळ दाखवलं.

वर एका जागी थांबून त्याने बर्फात कमरेएवढा खड्डा खणला. खड्ड्याची भिंत केकच्या कापासारखी थरांची दिसत होती. एक थर बोटाने दाबला की साखरेसारखा सुटत होता. त्याच्यावर दोन दिवसांपूर्वीच्या बर्फाचा जड थर. समोरचा उतार साधारण पस्तीस अंशांचा, म्हणजे हिमस्खलन सगळ्यात जास्त होतं त्यातला. वर निळं आकाश, कोवळं ऊन, इतका सुंदर दिवस की रडू यावं. तो म्हणाला, इथून नाही. आम्ही झाडीतल्या सौम्य उतारावरून परत आलो. त्या दोघींनी त्याला ठरलेले सगळे पैसे दिले, वर बक्षीसही. पैसे परत मागायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आधीच्याच वर्षी, 1 फेब्रुवारी 2023 ला, तिथल्याच अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले होते. त्या गावात ते सगळ्यांना माहीत होतं.

हरिहरवरून उतरताना मला तो खड्डा आठवत होता. परत फिरवण्याचं कारण त्याला दाखवता आलं, हाताने दाबून. माझ्याकडे होतं काय? पायऱ्यांवरचं पाणी, जे सगळ्यांना दिसतच होतं, आणि एका माणसाचं पश्चिमेकडे बघणं. आणि छातीवर यंत्र बांधलं की आपण मरू शकतो हे सकाळीच अंगाला कळतं. आमच्याकडे सकाळी पोहे मिळतात.

याच हरिहरच्या उभ्या कड्याला आपल्याकडचे लोक स्कॉटिश कडा म्हणतात, कारण 1986 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट तो चढून गेले. (गृहस्थ इंग्लिश होते, स्कॉटिश नव्हेत. आडनावाने घोटाळा केला.) 1975 मध्ये एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून शिखर गाठणाऱ्या पहिल्या दोघांतले ते एक. पण मला ते आवडतात ते 1977 च्या ओगर शिखरासाठी. माथ्यावरून उतरायला लागल्या लागल्या त्यांचे दोन्ही पाय घोट्यापाशी मोडले, आणि सोबत्यांच्या मदतीने ते वादळात कित्येक दिवस गुडघ्यांवर रांगत खाली आले. ही गोष्ट मी आता बसमध्ये सांगते. अर्धे लोक झोपलेले असतात, तरी सांगते. शिखराची गोष्ट सगळ्यांकडे असते, उतरण्याची फार थोड्यांकडे.

गेल्या वर्षी मी कुणालाच पैसे परत केले नाहीत. बसवाल्याने डिझेल जाळलं, पाड्यावरच्या वहिनींनी पहाटे उठून चौतीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या होत्या. एकाने ऑनलाइन एक तारा दिला आणि लिहिलं, "लीडरमध्ये कॉन्फिडन्स नाही." तो शेरा मी काढायला लावला नाही. वाचून येणाऱ्याला निदान कळतं की इथे परत फिरवतात.

या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. एक, बॅच अठराची केली. तोटा आहे, पण पायऱ्यांवर अठरा माणसं मला एका नजरेत दिसतात. दुसरी गोष्ट काकांची. त्यांना अख्ख्या गटामागे सहाशे रुपये मिळायचे, म्हणजे माझ्या एका गिऱ्हाइकाच्या फीपेक्षा कमी. गटातल्या सगळ्यात अनुभवी नजरेची ती किंमत. शिवाय गट वर गेला नाही तर काही लीडर त्यातलेही अर्धे देतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. 'नको' म्हणायला सांगायचं आणि 'नको' म्हटलं की पैसे कापायचे, असा हिशोब.

आता त्यांचे दीड हजार, आणि ते सकाळी पोह्यांच्या वेळीच द्यायचे, चढायला लागण्याआधी. पहिल्यांदा दिले तेव्हा त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि विचारलं, "आनि वर न्हाय गेलो तर?"

"तरी हेच," मी म्हटलं.

त्यांनी पैसे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कंबरेला खोचले आणि पश्चिमेकडे बघितलं. "मंग आज दहाच्या आत उतरू," ते म्हणाले. आम्ही पोहे तसेच टाकून निघालो.