उशिरा आलेलं तांबं

पेनसिल्व्हेनियातल्या कॉर्नवॉलच्या खाणीत आता पाणी भरलेलं आहे. पीटर ग्रबनं इथे १७४२ मध्ये लोखंडाची भट्टी उभारली, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात तिथे तोफा ओतल्या गेल्या, १९७३ मध्ये खाण बंद झाली. तोवर दहा कोटी टनांहून जास्त खनिज निघालं होतं. इतिहास मोठाच, पण माझं मन गुंततं ते पाण्याखालच्या त्या सांध्यात, जिथे दोन खडक एकमेकांना भिडले.

खाली काळा डायाबेस. सह्याद्रीच्या कातळाचाच हा भाऊबंद, फक्त वयानं कितीतरी वडील, आणि जमिनीवर न येता आतच थिजलेला. वर चुनखडक, पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेला. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी पॅन्जिआ हा महाखंड फाटू लागला, पुढे त्या फटीत अटलांटिक शिरायचा होता. तेव्हा तप्त शिलारस या चुनखडकात घुसला. त्याच्याबरोबरचं खारं, उकळतं, लोहानं भरलेलं पाणी भेगाभेगांतून वर चढलं. चुनखडकानं कार्बन डायऑक्साइड सोडून दिला आणि सिलिका, मॅग्नेशियम, लोह घेतलं. डायॉप्साइड आला, ॲक्टिनोलाइट आला, अभ्रकाच्याच कुळातला फ्लोगोपाइट आला. भूशास्त्रज्ञ या सगळ्या मेळाला स्कार्न म्हणतात. मग काळाभोर मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज, चुनखडकाची जागा घेत गेला, पण अनेक ठिकाणी त्याचे थर जसेच्या तसे ठेवून. चुनखडक गेला आणि समुद्रानं एकावर एक अंथरलेल्या त्या पट्ट्या लोखंडात उरल्या! यापुढे मला शब्द सुचत नाहीत.

तांबं सर्वांत शेवटी आलं, पाणी निवू लागल्यावर. गंधकाशी जोडी जमवून चाल्कोपायराइटचे पिवळे कण आणि शिरा मॅग्नेटाइटच्या फटींत बसल्या.

भट्टीवाल्यांना ते नकोच होतं. गंधकानं लोखंड ठिसूळ होई, म्हणून खनिज आधी भाजून घ्यावं लागे. तांब्याच्या तांब्या-पळीनं जिथे दिवस सुरू होई, अशा घरात मी वाढले. तांबं अडचण ठरलं हे वाचताना आजही जीव कळवळतो. विसाव्या शतकात चुंबकानं मॅग्नेटाइट वेगळा काढून उरलेल्या भुकटीतली सल्फाइडं, म्हणजे गंधकाची खनिजं, फेसावर तरंगवून घेऊ लागले, तेव्हा कुठे तांबं हिशेबात आलं. त्याच सल्फाइडांतल्या पायराइटमधला कोबाल्टही आला, आणि थोडं सोनं, थोडी चांदी.