पुठ्ठ्याचा मोबाईल

मुलांनो, शाळेतल्या माझ्या कपाटात एक मोबाईल आहे. त्याला बॅटरी नाही, सिम कार्ड नाही आणि तो माझाही नाही. मला सांभाळायला दिलेला आहे. बिस्किटाच्या खोक्याचे दोन पुठ्ठे एकावर एक ठेवून कडेने खळीने चिकटवलेत, मध्ये ब्लेडने चौकोनी खिडकी कापलीय आणि खाली पेनाने एक गोल बटण काढलंय.

तो माझ्या हाती आला २०२१ च्या डिसेंबरात. करोनामुळे मार्च २०२० मध्ये बंद पडलेली आमची गावातली शाळा तेव्हा कुठे पुन्हा भरू लागली होती. चौथीचा वर्ग होता. फळ्यावर अपूर्णांक चालले होते. शेवटच्या रांगेतला एक मुलगा मांडीवर काहीतरी ठेवून खाली बघत बसला होता.

"काय आहे ते? आण इकडे!" मी म्हटलं.

तो उठला आणि हा मोबाईल त्याने माझ्या हातात आणून दिला. सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. वर म्हणाले, "दीड वर्ष मोबाईलमध्येच डोकं घातलं होतंत ना रे? अजून मन भरलं नाही वाटतं!" तो काही बोलला नाही. मी मोबाईल टेबलाच्या खणात टाकला आणि पुन्हा अपूर्णांकांकडे वळले.

राहू द्या तो खणात थोडा वेळ. तोवर तुम्हाला दोन मोठ्या माणसांची गंमत सांगते. त्यांनीही असेच खोटे यंत्र बनवले होते, बरं का!

पहिले ॲलन के. अमेरिकेत कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची एक संशोधन संस्था होती, तिथे ते काम करत. त्या काळी संगणक म्हणजे कपाटाएवढे धूड. आणि १९७२ मध्ये या गृहस्थांनी एक निबंध लिहिला, की प्रत्येक मुलाकडे वहीएवढा, स्वतःचा संगणक असावा. त्यावर त्याने वाचावे, लिहावे, चित्रे काढावीत, प्रयोग करावेत. या वहीला त्यांनी 'डायनाबुक' असे नाव दिले. पण बनवणार कसे? त्यासाठी लागणारे भागच तेव्हा जगात नव्हते. मग त्यांनी पुठ्ठ्याचे एक डायनाबुक केले आणि आत शिशाच्या गोळ्या ओतल्या! कशासाठी? किती वजन झाले की हाताला जड लागते, ते बघायला. सुमारे ९०० ग्रॅमच्या आत हवे, असे त्यांनी ठरवले.

आता वजनाची मजा बघा. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९८१ मध्ये, 'ऑसबोर्न १' नावाचा उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आला. वजन सुमारे ११ किलो! पडदा जेमतेम पाच इंचांचा. मूठ धरून उचलला की शिलाई मशीनची पेटी घेऊन निघाल्यासारखे दिसे. आत बॅटरीही नव्हती, म्हणजे जाल तिथे आधी विजेचे बटण शोधा. तरी लोकांनी तो हौसेने घेतला.

दुसरे गृहस्थ जेफ हॉकिन्स. त्यांनी शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि तो कित्येक दिवस खिशात घालून हिंडले. कुणी भेटायची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि लाकडी काडीने त्यावर लिहिल्यासारखे करायचे! आपल्या वर्गात कुणी असे केले असते तर मी काय म्हणाले असते, ते तुम्हाला माहीतच आहे. त्या ठोकळ्यातूनच १९९६ मध्ये 'पायलट' नावाचे खिशातले यंत्र तयार झाले आणि खूप खपले.

इथे मला, रोज वह्या तपासणाऱ्या बाईला, एक गोष्ट फार आवडते. त्याआधी १९९३ मध्ये ॲपल कंपनीने 'न्यूटन' हे यंत्र काढले होते. तुम्ही कसेही लिहा, ते ओळखणार, असा त्याचा दावा होता. सुरुवातीला ते इतके चुकले, की लोकांनी त्याची टर उडवली. हॉकिन्स यांनी उलटे केले. यंत्राला माणसाचे अक्षर शिकवण्याऐवजी माणसालाच नवी सोपी अक्षरे गिरवायला लावली. इंग्रजी 'ए' काढताना मधली आडवी रेघ काढायचीच नाही, फक्त वरचे टोक. मोठमोठे साहेब लोक पहिलीतल्या मुलांसारखे अक्षरे घोटत बसले असतील!

फोनची वाट मात्र निराळी. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहिले आणि हातातल्या फोनवरून त्यांनी पहिला कॉल लावला. कुणाला? आपल्याच प्रतिस्पर्ध्याला! बेल लॅब्जमधल्या जोएल एंजल यांना. फोनचे वजन होते किलोच्या वर. दुकानात तसा फोन यायला आणखी दहाएक वर्षे लागली. तेव्हा त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती. अर्धा तास बोलायचे आणि मग दहा तास चार्जिंग!

या फोनला 'सेल' फोन का म्हणतात? एका मोठ्या हॉलमध्ये चार वर्ग बसवले तर सगळे एकमेकांवर ओरडणार आणि कुणालाच ऐकू येणार नाही. पण भिंती घालून चार खोल्या केल्या, तर हळू बोलूनही भागते. तसे शहराचे छोटे छोटे भाग, म्हणजे सेल, पाडायचे आणि प्रत्येकात एक मनोरा उभा करायचा. फोनला जवळच्या मनोऱ्यापर्यंतच लहरी पाठवायच्या असतात, म्हणून थोडी शक्ती पुरते आणि बॅटरी लहान चालते. शिवाय एका भागातल्या लहरी थोड्या दूरच्या भागात पुन्हा वापरता येतात.

आपल्या देशात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून (तेव्हाचे कलकत्ता) दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना तो केला. तेव्हा फोन करणाऱ्यालाच नव्हे, घेणाऱ्यालाही पैसे पडत. ते बंद झाले २००३ मध्ये, आणि मग मोबाईल आमच्यासारख्यांच्या घरात शिरला. पालकांना आठवेल ती मिस कॉलची भाषा. एक रिंग म्हणजे 'पोचलो', दोन म्हणजे 'तूच फोन कर'! मी डी.एड.ला होते तेव्हा माझ्याकडे नोकिया ११०० होता. त्याच्या डोक्यावर एक छोटी बॅटरी होती, उजेडाची. भारनियमनाचे दिवस. त्या उजेडात मी पाठांची टाचणे लिहिली आहेत.

त्यावरून मराठीत संदेश पाठवायचा म्हणजे मोठे गणित होते. करून बघा. एका एसएमएसमध्ये १,१२० घरे असतात. इंग्रजीच्या एका अक्षराला ७ घरे लागतात. भागा बघू! १६० अक्षरे आली ना? देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे १६ घरे. म्हणजे फक्त ७०. आणि आपण 'ज्ञानेश्वरी' ही चार अक्षरे मोजतो, पण फोन तिथे अकरा चिन्हे मोजतो! काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडला की तोही वेगळा. म्हणून तर कितीतरी लोक मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहायला लागले. आळस म्हणून त्यांना नावे ठेवू नका. अर्थात, आता कोणतीच अडचण नसताना तसे लिहिणाऱ्यांना खुशाल ठेवा!

पुढे खिशातला संगणक आणि फोन एक झाले. तसे प्रयत्न आधीही झाले होते, पण २००७ मध्ये आयफोन आला आणि बटणे जवळजवळ नाहीशीच झाली. पुढचे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आता तो खण उघडूया.

संध्याकाळी मुले घरी गेल्यावर मी तो मोबाईल नीट पाहिला. पुठ्ठ्याच्या खिडकीत कागदाची एक पट्टी होती. वरून ओढली की मजकूर वर सरके. मागे रबर लावून आणखी पट्ट्या ठेवल्या होत्या. मी मोजल्या. एकेचाळीस. प्रत्येकीवर तारीख, आणि खाली बारीक अक्षरात माझाच अभ्यास. मी शाळेच्या ग्रुपवर टाकलेले पाढे, कवितेखालचे प्रश्न, गणिते. "फोटो काढून पाठवा" हे वाक्यसुद्धा त्याने जसेच्या तसे उतरवून घेतले होते.

मी माझी नोंदवही काढली. त्याच्या नावापुढे मी दर आठवड्याला लिहिले होते, 'प्रतिसाद नाही'. एकदा त्याच्या वडिलांना फोनवर म्हणालेही होते, "मुलाकडे लक्ष द्या, काहीच करत नाही तो." ते म्हणाले होते, "हो बाई."

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बोलावले. घरात फोन एकच. तो वडिलांबरोबर ट्रकवर जाई. हा संध्याकाळी शेजारच्या काकांच्या दारात उभा राही. काका पाच-दहा मिनिटे फोन दाखवत, तेवढ्यात होईल तेवढे उतरवून घेई. घरी येऊन पट्टी त्या खिडकीत घाली आणि अभ्यास करी.

"मला सांगितलं का नाहीस रे?"

"बाई, तुमचा नंबर फोनमध्येच होता ना."

मी सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो लाजला. मग हळूच म्हणाला, "बाई, मधल्या पट्ट्या राहिल्यात. काका गावाला गेले होते तेव्हाच्या. त्या द्याल?"

मी माझा मोबाईल काढला. चौसष्ट जीबीचा. पण 'जागा शिल्लक नाही' असे तो सारखा सांगायचा, म्हणून जुने संदेश मीच पुसून टाकले होते. शेवटी टाचणाची वही उघडली. मधल्या सुट्टीत मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. अठरा पट्ट्या झाल्या. आठवडा लागला आम्हाला.

चौथी सुटली तेव्हा त्याने मोबाईल माझ्याकडे ठेवायला दिला. घरी लहान बहीण आहे, ती फाडेल म्हणाला. मागेल तेव्हा परत द्यायचा, असे ठरले आहे. अजून मागितलेला नाही.